नवीन लायसन्सवर जुनं व्हर्जन: एका ऑफिसातलं पूर्ण प्रकरण

नवीन व्हर्जनचे पूर्ण पैसे भरलेत, मग त्याच लायसन्सवर जुनं व्हर्जन टाकलं तर बिघडलं कुठं? हा प्रश्न छोट्या ऑफिसांत सतत येतो आणि विचारणाऱ्याची बाजू पटते सुद्धा, कारण तो काही फुकट मागत नाहीये, उलट महागाचं घेऊन कमी वापरतोय. पण याचं सरसकट उत्तर नाहीच. खाली लिहिलेल्या प्रकरणात एकाच ऑफिसात एकाच वेळी चार सॉफ्टवेअरबद्दल हाच प्रश्न आला आणि चारही ठिकाणी वेगळं उत्तर निघालं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ऑफिस मशीनचे पार्ट डिझाइन करणारं आणि तपासून देणारं, वीसेक माणसं. तपासणीच्या खोलीत एक सीएमएम आहे, म्हणजे प्रोब टेकवून पार्टची मापं घेणारं मशीन. ते चालवणारा कॉम्प्युटर विंडोज ७ प्रोफेशनलचा, तोही ३२ बिट, कारण मशीनच्या कंट्रोलर कार्डाचा ड्रायव्हर तेवढ्यावरच चालतो आणि मशीन बनवणाऱ्यांनी तो पुढे कधी अपडेट केला नाही. २०२४ मध्ये या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला. त्याच सुमाराला ऑफिसने नवीन खरेदी केली होती, विंडोज ११ प्रो आधीच टाकून आलेले डेस्कटॉप, विंडोज सर्व्हर २०२२ स्टँडर्डसकट एक सर्व्हर, ऑफिस २०२१ ची रिटेल लायसन्स आणि ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन. आणि गंमत अशी नाही, अडचण अशी की प्रत्येक विभागाला यातलं काही ना काही जुनं हवं होतं. तपासणीला विंडोज ७, स्टोअरच्या सॉफ्टवेअरला सर्व्हर २०१६, अकाउंट्सला ऑफिस २०१३ आणि डिझाइनवाल्यांना ऑटोकॅड २०२१.

मला बोलावलं तेव्हा तिथल्या सपोर्टच्या मुलाने विंडोज ७ ची डिस्क शोधून ठेवली होती आणि बंद पडलेल्या कॅबिनेटवरच्या स्टिकरवरची प्रॉडक्ट की, म्हणजे इन्स्टॉल करताना टाकायचा नंबर, लिहून घेतली होती. त्याचं म्हणणं, "सर, की आपली, डिस्क आपली, नवीन मशीनचं लायसन्स पण आपलंच, मग कोण काय म्हणणार? आणि अ‍ॅक्टिव्हेशन नाही झालं तरी ३० दिवस चालतंच, पुढचं पुढे बघू." आणखी कोणीतरी त्याला अ‍ॅक्टिव्हेशन उडवणारं, म्हणजे की खरी आहे का ही तपासणीच बंद करणारं, टूल सुचवलं होतं, ते मात्र मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवायला लावलं. तुमच्याकडे जुनं व्हर्जन वापरायचा हक्क शंभर टक्के असला तरी असलं टूल वापरलं की ती वेगळी भानगड होते, अमेरिकेत तर १९९८ पासून कॉपी-संरक्षण तोडण्यावर स्वतंत्र कायदा आहे, शिवाय त्या टूलसोबत मशीनमध्ये आणखी काय शिरेल ते कोणीच सांगू शकत नाही.

आधी मुळाचं बोलू. सॉफ्टवेअर इन्स्टॉल करणं म्हणजे कायद्याच्या नजरेत कॉपी करणं, आणि कॉपी करायचा हक्क कॉपीराइटवाल्याचा असतो. आपण लायसन्स घेतो म्हणजे ठरलेल्या कॉपीसाठी ठरलेली परवानगी घेतो. विंडोज ११ आणि विंडोज ७ ही दोन वेगळी प्रॉडक्ट आहेत, त्यामुळे एकाची परवानगी आपोआप दुसऱ्याला लागत नाही, करारात तसं लिहिलेलं असेल तरच लागते. त्या लिहिलेल्या परवानगीलाच डाउनग्रेड राइट म्हणतात. ती कुठल्या चॅनेलमधून लायसन्स घेतलं त्यावर ठरते: मशीनबरोबर आलेलं ओईएम, दुकानातून घेतलेलं रिटेल, का कंपनीसाठीचं व्हॉल्यूम. किती पैसे भरले त्यावर ठरत नाही.

आता की. बहुतेक गोंधळ इथेच होतो. की म्हणजे लायसन्स नाही, की हे फक्त इन्स्टॉल आणि अ‍ॅक्टिव्हेट करायचं साधन आहे. हे दोन्ही बाजूंनी खरं आहे, म्हणजे हातात चालणारी की आहे पण लायसन्स नाही असं होऊ शकतं, आणि लायसन्स आहे पण की नाही असंही होतं. डाउनग्रेडचा हक्क असेल तेव्हा मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं की जुन्या व्हर्जनची खरी डिस्क आणि खरी की, जरी ती आधी दुसऱ्या मशीनवर वापरलेली असली तरी, तुम्ही वापरू शकता, ऑनलाइन अ‍ॅक्टिव्हेट झालं नाही तर फोन करून परिस्थिती सांगायची. म्हणजे तिथे जुनी की नुसती दार उघडायला लागते, हक्क येतो तो नवीन लायसन्समधून. पण नवीन लायसन्समध्ये हक्कच नसेल तर तीच की टाकून सुद्धा वापर बेकायदाच राहतो.

मग विंडोज ११ प्रोच्या ओईएम करारात काय आहे? मशीनवर प्रोफेशनल एडिशन आधीच टाकून आलं असेल तर त्याऐवजी विंडोज १० प्रो वापरता यायचं, आणि तेही मायक्रोसॉफ्ट त्या जुन्या व्हर्जनला सपोर्ट देत होतं तोपर्यंतच, म्हणजे ऑक्टोबर २०२५ पर्यंत. जुनं व्हर्जन मिळवून द्यायची जबाबदारी ना मशीन विकणाऱ्याची ना मायक्रोसॉफ्टची, ते तुम्ही मिळवायचं. कधीही वाटलं तर मूळ व्हर्जनवर परत जाता येतं. होम एडिशनला हा हक्क नाहीच. रिटेल विंडोजलाही नाही, आणि हे ऐकून लोकांना धक्का बसतो कारण रिटेल महाग असतं.

इथे सपोर्टच्या मुलाने जो युक्तिवाद केला तो फार लोक करतात म्हणून नीट सांगतो. तो म्हणाला, ११ वरून १० ला जाता येतं, आणि १० प्रोच्या करारात ८.१ आणि ७ ला जायची मुभा होती, मग दोन पायऱ्या उतरू. वाचताना बरोबर वाटतं. पण करारात पुढे असंही आहे की जुनं व्हर्जन वापरलं तरी त्या वापराला हाच, म्हणजे विंडोज ११ चाच करार लागू राहतो. म्हणजे तुम्ही विंडोज १० टाकलंत म्हणून तुम्ही विंडोज १० चे लायसन्सधारक होत नाही, तुम्ही ११ चे लायसन्सधारक आहात ज्यांना १० चालवायची सूट आहे, आणि १० च्या करारातली सूट तुमच्या हातात कधी आलीच नाही. शिवाय ती सूटही सपोर्टशी बांधलेली होती आणि विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, त्यामुळे २०२४ मध्ये खरोखरचं विंडोज १० प्रोचं मशीन असतं तरी त्या कलमाखाली ७ टाकता आलं नसतं. दोन्हीकडून रस्ता बंद.

ज्या दोन-चार डेस्कटॉपना फक्त विंडोज १० हवं होतं, अकाउंट्सच्या मशीन धरून, त्यांचं काम सोपं होतं, तिथे हक्क स्पष्ट होता. मी फक्त १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख मोठ्या अक्षरात लिहून दिली, कारण त्या दिवशी विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता आणि सूटही.

राहिलं सीएमएम. व्हॉल्यूम चॅनेलमधून विंडोज ११ प्रोचं अपग्रेड लायसन्स घेतलं असतं तर त्यात साधारणपणे आधीचं कुठलंही व्हर्जन चालवायची मुभा असते, सपोर्टची अट न लावता, म्हणजे कागदावर विंडोज ७ बसलं असतं. पण नवीन प्रोसेसरला विंडोज ७ चे ड्रायव्हर कोण देणार? कायद्याने हो आणि हार्डवेअरने नाही अशी अवस्था झाली असती, आणि ते जुनं कार्ड नव्या बोर्डवर बसलं असतं का हा आणखी वेगळा प्रश्न.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात खरा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. सगळे नवीन लायसन्स उलटंपालटं करून त्यातून जुन्याचा हक्क शोधत होते, पण ऑफिसकडे जुन्याचं स्वतःचं लायसन्स होतं त्याचं काय झालं? बंद पडलेला कॉम्प्युटर विंडोज ७ प्रोफेशनल ओईएमचा, स्टिकर शाबूत, खरेदीचं बिल फाइलमध्ये. सपोर्ट संपला म्हणजे लायसन्स संपलं असं नसतं, सपोर्ट संपणं म्हणजे अपडेट आणि मदत बंद होणं, वापरायची परवानगी कायम राहते. ओईएम लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं, दुसऱ्या मशीनवर नेता येत नाही, त्यामुळे नवीन डेस्कटॉपवर त्याचा काही उपयोग नव्हता हे खरं. पण त्याच मशीनचा मदरबोर्ड बिघडल्यामुळे बदलला, आणि बदललेला बोर्ड त्याच मॉडेलचा किंवा बनवणाऱ्याने त्याला समतुल्य ठरवलेला असला, तर नवीन लायसन्स लागत नाही, असं मायक्रोसॉफ्टचं धोरण आहे. चांगला चालणारा बोर्ड काढून हौसेने मोठा बोर्ड घातला तर ते नवीन मशीन धरलं जातं, तिथे लायसन्स जातं. बिघाड आणि अपग्रेड यातला हा फरक कागदावर दाखवता आला पाहिजे.

म्हणून आम्ही त्याच मॉडेलचा बोर्ड शोधून जुना कॉम्प्युटरच दुरुस्त करून घेतला. दुरुस्तीच्या बिलावर बोर्ड बिघडला म्हणून बदलला असं स्पष्ट लिहून घेतलं, जुन्या आणि नव्या बोर्डाचे नंबर लिहिले, स्टिकरचा फोटो काढून फाइलला लावला. अ‍ॅक्टिव्हेशन फोनवरून झालं. आणि तो कॉम्प्युटर नेटवर्कवरून पूर्ण तोडला, कारण कायदेशीर असणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि २०२० नंतर अपडेट न मिळालेली सिस्टीम इंटरनेटला लावणं मला मान्यच नाही. मापांच्या फाइल आता एका ठरलेल्या पेन ड्राइव्हवरून, स्कॅन करून, बाहेर येतात.

सर्व्हरचं प्रकरण त्यामानाने सुखाचं होतं. विंडोज सर्व्हरच्या ओईएम लायसन्समध्ये आधीचं व्हर्जन चालवायची परवानगी असते, हार्डवेअर विकणाऱ्या काही कंपन्या त्यासाठी डाउनग्रेडची वेगळी किटही देतात, आणि सर्व्हर २०१६ चा सपोर्ट १२ जानेवारी २०२७ पर्यंत आहे. तरी इथे एक मोठी चूक होता होता राहिली. स्टोअरच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी आधी सर्व्हर २०१२ आर२ मागितलं होतं, आणि हिशोब करणाऱ्याने मनात धरलं की २०१२ आर२ चं लायसन्स प्रोसेसरवर मोजतात, एका लायसन्समध्ये दोन प्रोसेसर, म्हणजे कोअर, म्हणजे प्रोसेसरच्या आतले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, मोजायची गरजच नाही. असं होत नाही. तुम्ही चालवता जुनं पण नियम लागतात विकत घेतलेल्या व्हर्जनचे. २०१६ पासून सर्व्हरचं लायसन्स कोअरवर गेलं, प्रत्येक प्रोसेसरला कमीत कमी ८ आणि प्रत्येक सर्व्हरला कमीत कमी १६ कोअर धरावेच लागतात, आणि सर्व्हरमध्ये २४ कोअर असतील तर २४ चं लायसन्स लागतं, मग तुम्ही त्यावर २०२२ चालवा नाहीतर २०१२. या नियमाचा फायदाही होतो बरं का, सर्व्हर २००८ आर२ स्टँडर्डमध्ये एकच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला वेगळा सर्व्हर, चालवता यायचं पण नंतरच्या स्टँडर्ड लायसन्सवर तेच २००८ आर२ चालवलं तर नवीन नियमाने दोन चालवता येतात. या ऑफिसच्या सर्व्हरमध्ये १६ च्या वर कोअर होते आणि लायसन्स घेतलेलं १६ चंच, तो फरक आधी भरून घेतला आणि मग २०१६ टाकलं.

कॅल, म्हणजे सर्व्हरला जोडणाऱ्या माणसांचं किंवा मशीनचं लायसन्स, याचा नियम मात्र उलटा आहे. ते चालू असलेल्या सॉफ्टवेअरच्या व्हर्जनशी जुळावं लागतं. सर्व्हर २०१६ चालू आहे तोपर्यंत ऑफिसकडचे २०१६ चे कॅल पुरेसे होते, २०२२ चे लगेच घ्यायची गरज नव्हती. ज्या दिवशी सर्व्हर २०२२ वर नेणार त्या दिवशी मात्र २०२२ चे लागणार. पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये २०२२ चे कॅल आधीच घातले होते, ते आत्तापुरते काढायला सांगितले.

ऑफिसचं उत्तर सरळ नाही असं आलं. रिटेल ऑफिस २०२१ वर ऑफिस २०१३ चालवायचा हक्क नाही. अकाउंट्सच्या ताईंना एक्सेलला जोडायचं एक जुनं छोटं सॉफ्टवेअर, म्हणजे अ‍ॅड-इन हवं होतं, ते नव्यावर चालत नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं की वर्षाअखेरीच्या तोंडावर सगळी शीटं नव्याने बनवायला वेळ कुठून आणू. इथेही तोच प्रश्न विचारला: जुनं लायसन्स जिवंत आहे का? होतं. जुन्या मशीनवर ऑफिस २०१३ रिटेलचं होतं. ते बाजारात आलं तेव्हा एकाच कॉम्प्युटरला कायमचं बांधलेलं होतं, लोकांनी खूप ओरड केली, आणि मार्च २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने अट बदलून रिटेल लायसन्स दुसऱ्या मशीनवर न्यायची मुभा दिली, ९० दिवसांतून एकदा. ऑफिस २०२१ हे अपग्रेड म्हणून घेतलेलं नव्हतं, पूर्ण स्वतंत्र लायसन्स होतं, त्यामुळे २०१३ चं त्यात विरघळलं नव्हतं. जुन्या मशीनवरून काढलं, नव्यावर टाकलं, जुनं मशीन पुसलं. त्याचाही सपोर्ट एप्रिल २०२३ मध्ये संपलाय, म्हणून ते फक्त त्या अ‍ॅड-इनच्या शीटसाठी, बाहेरून ईमेलने आलेल्या फाइल त्यात उघडायच्या नाहीत असं ठरवून दिलं.

अपग्रेड हा शब्द इथे किती महत्त्वाचा आहे ते अमेरिकेतल्या व्हर्नर विरुद्ध ऑटोडेस्क (ऑटोकॅड बनवणारी कंपनी) या खटल्यातून कळतं, नववं सर्किट म्हणतात त्या केंद्रीय अपील कोर्टाने २०१० मध्ये निकाल दिला होता. एका आर्किटेक्ट फर्मकडे ऑटोकॅड रिलीज १४ होतं, त्यांनी ऑटोकॅड २००० वर अपग्रेड केलं, नवीन लायसन्स ३,७५० डॉलरचं असताना अपग्रेड ४९५ डॉलरला मिळालं, आणि त्या सवलतीची अट अशी होती की जुन्या कॉपी नष्ट करायच्या. फर्मने त्या नष्ट न करता विकल्या, घेणाऱ्याने, म्हणजे व्हर्नरने, पुढे ऑनलाइन विकायला काढल्या. कोर्टाने धरलं की फर्म त्या कॉपींची मालक नव्हतीच, फक्त लायसन्सधारक होती, त्यामुळे पुढे विकायचा हक्क तिच्याकडे नव्हता. युरोपात मात्र २०१२ मध्ये यूजडसॉफ्ट (वापरलेली लायसन्स विकणारी कंपनी) विरुद्ध ओरॅकल प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळी दिशा घेतली, कायमस्वरूपी लायसन्स पैसे घेऊन दिलं तर ती विक्रीच, आणि पहिला मालक स्वतःची कॉपी बंद करत असेल तर ते पुढे विकता येतं. म्हणजे वापरलेलं जुनं लायसन्स बाजारातून घेऊन काम भागवायचं असेल तर तुम्ही कुठल्या देशात आहात त्यावर उत्तर बदलतं. पण स्वस्तात अपग्रेड घेतलं आणि जुनंही ठेवलं, हे करार वाचल्याशिवाय कुठेच गृहीत धरू नका.

आणि आता ऑटोकॅड, जिथे मला स्वतःला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. सबस्क्रिप्शनमध्ये चालू व्हर्जन आणि त्याआधीची तीन व्हर्जन वापरता येतात. मार्च २०२४ मध्ये ऑटोकॅड २०२५ आलं, म्हणजे मागची तीन २०२४, २०२३ आणि २०२२. डिझाइनवाल्यांचं प्लगइन, म्हणजे ऑटोकॅडला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, २०२१ वर बसवलेलं, म्हणजे एका व्हर्जनने हुकलं. त्यांच्या मशीनवर २०२१ आधीच्या सबस्क्रिप्शनपासून इन्स्टॉल होतं, उघडत होतं, काम करत होतं, आणि तरी परवानगीच्या बाहेर होतं. काहीही न करता, नुसतं नवीन व्हर्जन बाजारात आल्यामुळे कालचा कायदेशीर वापर आज बाहेर पडतो, ही गोष्ट लोकांच्या गळी उतरवणं खरंच अवघड जातं. फक्त ऑटोडेस्कच असं करतं असं नाही, मे २०१९ मध्ये अ‍ॅडोबीने क्रिएटिव्ह क्लाउडच्या, म्हणजे फोटोशॉप वगैरेच्या सबस्क्रिप्शनच्या, ग्राहकांना कळवलं होतं की ठरावीक जुनी व्हर्जन वापरायचा तुमचा हक्क आता राहिला नाही आणि वापरत राहिलात तर तिसऱ्या पक्षाकडून दावा होण्याचा धोका आहे. पैसे नियमित भरणाऱ्यांना हे पत्र गेलं होतं. कायमस्वरूपी लायसन्समध्ये जुनं व्हर्जन तुमचं राहतं, सबस्क्रिप्शनमध्ये ते फक्त खिडकीतून दिसतं तेवढंच, आणि खिडकी दर वर्षी पुढे सरकते. घेताना हे कोणी सांगत नाही, सांगायला हवं.

प्लगइन बनवणाऱ्याशी बोललो तेव्हा त्याच्याकडे २०२२ ला चालणारी आवृत्ती निघाली. ती टाकली, २०२१ सगळ्या मशीनवरून काढलं, आणि डिझाइन विभागाला लेखी सांगितलं की पुढच्या वर्षी नवीन व्हर्जन आलं की २०२२ पण बाहेर जाणार, तोपर्यंत प्लगइनचं काहीतरी करा.

शेवटी प्रत्येक मशीनसाठी एकेक पान केलं: मशीनवर काय चालू आहे, त्याचा हक्क कुठल्या लायसन्समधून येतो, ते कुठल्या चॅनेलचं, बिल कुठे, आणि हक्क कधी संपतो. सॉफ्टवेअर कंपनीकडून लायसन्सची तपासणी, म्हणजे ऑडिट, आलं तर हीच पानं विचारतात, आणि ती नंतर जुळवायला गेलं की निम्मी बिलं सापडत नाहीत. ज्या डेस्कटॉपवर विंडोज १० टाकलं होतं ते ऑक्टोबर २०२५ च्या आधी एकेक करून परत ११ वर आणले, त्याला वेगळे पैसे लागले नाहीत, ११ ची की फर्मवेअरमध्येच, म्हणजे मदरबोर्डवर आधीच साठवलेली, असते त्यामुळे इन्स्टॉल करताना विचारली सुद्धा नाही. सीएमएमचा कॉम्प्युटर अजून विंडोज ७ वरच आहे, तसाच नेटवर्कशिवाय, आणि नवीन कंट्रोलरसाठी मशीन बनवणाऱ्यांकडून कोटेशन मागवलंय.